देवावर विसंबून निर्णय घेणारा यात्रिक : संत इग्नेशियस लोयोला

सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत आपण कितीतरी निर्णय घेत असतो. त्यांतील पुष्कळसे सवयीने होऊन जातात. काही मात्र झोप उडवितात. मुलाला कोणत्या शाळेत घालावे, आखातातील नोकरी स्वीकारावी की गावीच राहावे, वडिलोपार्जित वाडी विकावी की राखावी, मुलीसाठी आलेल्या स्थळाला होकार द्यावा की थांबावे, असे प्रश्न कोणत्या ख्रिस्ती कुटुंबाला चुकले आहेत? अशा वेळी आपण देवाकडे वळतो, ते योग्यच आहे. परंतु देवावर विसंबून निर्णय घ्यायचा म्हणजे नेमके काय करायचे, याविषयी आपल्या मनात बराच गोंधळ असतो. कोणी डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडतो व ज्या ओळीवर बोट पडेल तीच देवाची आज्ञा मानतो. कोणी चिठ्ठ्या टाकतो. कोणी नोव्हेना करतो आणि अमुक दिवसापर्यंत अमुक खूण दिसली तर देवाचा होकार आहे असे समजतो. याउलट कोणी सारे काही आधीच ठरवून टाकतो आणि शेवटी देवाकडून केवळ मंजुरीची सही तेवढी मागतो.

ज्या संतांचा सण ख्रिस्तसभा ३१ जुलै रोजी साजरा करते, त्या संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या आयुष्यात यांपैकी बहुतेक सर्व मार्ग स्वतः चालून पाहिले. त्यांनी एकदा तर एका माणसाच्या जीवनमरणाचा निर्णय चक्क खेचरावर सोपविला होता! त्या खेचरापासून ते पारखलेल्या, शांत विवेकापर्यंतचा त्यांचा प्रवास हेच त्यांचे खरे चरित्र आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून त्यांची जीवनकथा येथे आपण याच दृष्टीने पाहू.

लोयोलाच्या गढीतील तरुण

उत्तर स्पेनमधील बास्क प्रांतात अझपेतिया गावाजवळ लोयोला घराण्याची दगडी गढी आहे. १४९१ साली या घराण्यात त्यांचा जन्म झाला. तेरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. बाप्तिस्म्याचे नाव इनिगो; इग्नेशियस हे नाव त्यांनी पुढे धारण केले. किशोरवयात त्यांना राजाच्या खजिनदाराच्या घरी, आरेव्हालो येथे, दरबारी रीतिरिवाज शिकण्यासाठी पाठविण्यात आले. तलवार, उंची वस्त्रे, सरदारी शौर्याच्या कथा आणि स्त्रियांची मर्जी यांत त्यांचे तारुण्य गेले. पुढे नाव्हाराच्या व्हाइसरॉयच्या पदरी ते राहिले. त्या काळात निर्णय घेण्याचे त्यांचे माप एकच होते, ते म्हणजे मान. ज्याने नाव होईल ते करायचे, ज्याने कमीपणा येईल ते टाळायचे.

२० मे १५२१ रोजी फ्रेंच सैन्याने पांप्लोना शहराच्या किल्ल्यावर हल्ला चढविला. किल्ला टिकणे कठीण आहे हे बहुतेकांना दिसत होते. परंतु लढत राहण्याचा आग्रह इनिगो यांनी धरला. तोफेच्या गोळ्याने त्यांचा एक पाय मोडला, दुसरा जखमी झाला आणि किल्ला पडला. शत्रूनेच मोठ्या सौजन्याने त्यांच्यावर प्राथमिक उपचार करून त्यांना लोयोलाला पाठविले. तेथे हाड पुन्हा मोडून बसवावे लागले. त्यांची प्रकृती इतकी खालावली, की संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या आदल्या दिवशी घरच्यांनी आशा सोडली होती. परंतु त्याच रात्रीपासून उतार पडू लागला. पाय बरा होताना गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला. घट्ट, रुबाबदार बूट त्यावर चढेना, म्हणून त्यांनी ते हाड कापून घेतले. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात केवळ दिसण्यासाठी एवढे दुःख त्यांनी पत्करले! माणूस ज्याला देव मानतो त्याच्यासाठी काय काय सोसतो, याचे हे उदाहरण आहे.

मनाची चव

अंथरुणावर वेळ जाईना, म्हणून त्यांनी सरदारी प्रेमकथांची पुस्तके मागितली. गढीत ती नव्हती. त्यांना मिळाली ती प्रभू ख्रिस्ताच्या जीवनावरील आणि संतांच्या चरित्रांवरील पुस्तके. नाइलाजाने ते ती वाचू लागले. वाचन थांबले की त्यांचे मन दोन दिशांना धावे. कधी एका थोर कुळातील स्त्रीची मर्जी कशी संपादन करावी याची स्वप्ने ते तासन्‌तास रंगवीत. तर कधी संत फ्रान्सिस व संत डॉमिनिक यांनी जे केले ते आपणही का करू नये, असा विचार त्यांच्या मनात येई.

दोन्ही स्वप्ने गोडच होती. परंतु काही काळाने त्यांच्या ध्यानात एक फरक आला. पहिले स्वप्न संपल्यावर मन कोरडे, असमाधानी राही. दुसरे संपल्यानंतरही आनंद टिकून राही. प्रारंभी त्यांचे याकडे लक्ष नव्हते; एके दिवशी डोळे उघडले आणि ते चकित झाले. विचार मनात आला तेव्हा कसा वाटला यापेक्षा तो मागे काय ठेवून गेला हे पाहावे, हा त्यांचा पहिला आध्यात्मिक धडा होय. पुढे साऱ्या ख्रिस्तसभेला लाभलेल्या विवेकाच्या शिकवणुकीचे बीज येथे आहे. हा धडा त्यांना कोणी विद्वानाने दिला नाही. आजारपणात, पलंगावर, स्वतःच्या मनाकडे प्रामाणिकपणे पाहताना तो मिळाला.

खेचरावर सोपविलेला निर्णय

मनाचे वळण बदलले, तरी बुद्धीला अजून शिकायचे होते. १५२२ च्या प्रारंभी खेचरावर बसून ते मॉन्सेरातच्या मरियामातेच्या तीर्थक्षेत्राकडे निघाले. वाटेत एक मूर जातीचा मुसलमान प्रवासी भेटला. दोघांत पवित्र मरियेच्या कौमार्यावर वाद झाला. तो प्रवासी पुढे निघून गेल्यावर इनिगो अस्वस्थ झाले. आपण मरियामातेचा मान राखला नाही, त्या माणसाला गाठून खंजीर खुपसला पाहिजे, असे एक मन म्हणू लागले. दुसरे मन मागे ओढू लागले. पुष्कळ विचार करूनही निश्चय होईना. तेव्हा त्यांनी लगाम सैल सोडला. खेचर गावाच्या वाटेने वळले तर त्या माणसाला शोधून मारायचे, हमरस्त्याने गेले तर त्याला सोडून द्यायचे! गाव तीस-चाळीस पावलांवर होते, तिकडची वाट रुंद व चांगली होती. तरीही खेचर हमरस्त्यानेच गेले.

ही गोष्ट आपण हसून सोडून देतो. परंतु क्षणभर थांबून विचार केला तर अंगावर काटा येतो. खेचर दुसरीकडे वळले असते, तर एक निरपराध जीव गेला असता आणि त्याचे खापर देवाच्या इच्छेवर फुटले असते. देवाने त्या दिवशी आपल्या दयेने दोघांनाही वाचविले. त्याचबरोबर हेही खरे, की ज्या गोष्टीबद्दल देवाने आपली आज्ञा स्पष्ट सांगून ठेवली आहे, तिच्यासाठी खूण मागण्याचा प्रश्नच उरत नाही. खून करू नये हे कळायला खेचराची गरज नव्हती. पुढे आपल्या साधनेच्या ग्रंथात त्यांनी हा नियमच घालून दिला, की निवड करायची ती केवळ चांगल्या किंवा मुळात निर्दोष अशा गोष्टींमध्ये. पाप हा निवडीचा विषय होऊ शकत नाही.

मॉन्सेरात येथे त्यांनी तीन दिवस घेऊन साऱ्या आयुष्याचे पापनिवेदन केले. खेचर मठाला दिले. १५२२ च्या मार्चमध्ये, देवदूताच्या निरोपाच्या सणाच्या आदल्या रात्री, आपली उंची वस्त्रे एका भिकाऱ्याला देऊन ते जाडेभरडे वस्त्र नेसले. तलवार व खंजीर मरियामातेच्या वेदीपाशी सोडले आणि सारी रात्र प्रार्थनेत घालविली. पुढे त्या भिकाऱ्यालाच चोर समजून त्रास देण्यात आला हे कळले, तेव्हा त्यांना रडू आले. चांगल्या हेतूने केलेल्या कृतीचेही परिणाम दुसऱ्याला भोगावे लागतात, हा अनुभव त्यांना तेथेच आला.

मनरेसा : झोपेचाही निर्णय

जवळच्या मनरेसा गावी थोडे दिवस राहावे म्हणून ते गेले आणि सुमारे दहा महिने राहिले. तेथे त्यांनी केस व नखे वाढू दिली, कठोर उपवास केले, दररोज सात तास प्रार्थना केली. आपण सांगितलेल्या पापांत काही राहून गेले असावे, या शंकेने त्यांना इतके ग्रासले, की आत्मघाताचे विचार मनात येऊ लागले. देव ही पीडा दूर करीपर्यंत अन्नाला शिवायचे नाही असे ठरवून त्यांनी आठवडाभर काहीही खाल्ले नाही. देवाला अशा रीतीने कोंडीत पकडणे म्हणजे श्रद्धा नव्हे, हे त्यांना पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी सांगितले व उपवास सोडण्याची आज्ञा दिली. ती त्यांनी पाळली. कालांतराने ही शंकांची साखळी आपल्याला देवापासून दूर नेत आहे, हे ओळखून त्यांनी जुनी पापे पुन्हा उकरून काढण्याचे थांबविले. केस आणि नखेही कापू लागले.

याच काळातील एक लहानसा प्रसंग आम्हांस फार मोलाचा वाटतो. रात्री झोपायला गेले, की त्यांना मोठमोठे आध्यात्मिक विचार सुचू लागत, हृदय भरून येई आणि झोपेचा वेळ निघून जाई. असे काही दिवस गेल्यावर त्यांनी हिशेब केला. प्रार्थनेसाठी दिवसाचा पुष्कळ वेळ आपण राखून ठेवलेला आहेच. मग झोपेच्या वेळी येणाऱ्या या गोडव्याचे मूळ कोठे असावे? त्यांनी ते विचार बाजूला सारून झोपायचे ठरविले. धार्मिक वाटणारी प्रत्येक गोष्ट देवाकडूनच आलेली असते असे नाही, आणि वेळेवर झोपणे हीसुद्धा ईशेच्छा असू शकते, एवढी साधी गोष्ट त्यांना तेव्हा उमगली. मनरेसा येथेच कार्दोनेर नदीच्या काठी बसले असताना त्यांना विलक्षण आंतरिक प्रकाश लाभला आणि येथेच त्यांच्या साधनेच्या ग्रंथाची टिपणे सुरू झाली.

बिस्किटे आणि बाकावरची नाणी

१५२३ साली पवित्र भूमीला जाण्यासाठी ते बार्सिलोनाला आले. केवळ देवावर भरवसा ठेवायचा म्हणून सोबती घेण्याचेही त्यांनी नाकारले होते. जहाजाच्या कप्तानाने फुकट नेण्याचे कबूल केले. अट एकच, खाण्यासाठी प्रवासाची कडक बिस्किटे स्वतःची आणावीत. आता प्रश्न उभा राहिला. शिधा बरोबर घेतला, तर देवावरचा भरवसा कोठे राहिला? न घ्यावा तर जहाजावर प्रवेश नाही. दोन्ही बाजूंची कारणे त्यांना सारखीच वजनदार दिसू लागली. शेवटी त्यांनी हा प्रश्न पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसमोर ठेवला. त्यांनी सांगितले, की आवश्यक तेवढे मागून आणावे आणि बरोबर घ्यावे. इनिगो यांनी तसे केले. भिक्षेतून उरलेली पाच-सहा नाणी मात्र त्यांनी किनाऱ्याजवळच्या एका बाकावर ठेवून दिली आणि ते जहाजावर चढले.

देवावर भरवसा आणि शिदोरी यांचे भांडण नाही, हे त्या धर्मगुरूंनी त्यांना शिकविले. आपल्यापैकी कोणी आयुर्विमा उतरविताना, मुलांच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला टाकताना किंवा औषध घेताना आपली श्रद्धा कमी पडते आहे काय, अशा शंकेने अस्वस्थ होतो. त्याने ही बिस्किटे आठवावीत. आणि गरजेपेक्षा अधिक साठवण्याचा मोह झाला, की बाकावरची ती नाणी आठवावीत.

जेरुसलेमचे बंद दार

सप्टेंबर १५२३ मध्ये ते जेरुसलेमला पोहोचले. आयुष्यभर तेथेच राहून लोकांच्या आत्म्यांची सेवा करायची, हा त्यांचा पक्का निश्चय होता. देवाचीच ही इच्छा आहे याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. परंतु पवित्र स्थळांचा सांभाळ करणाऱ्या फ्रान्सिस्कन संघाच्या प्रांताधिकाऱ्यांनी परवानगी नाकारली. तेथे राहिलेले यात्रिक पकडले जात, मारले जात आणि त्यांना सोडविण्याचा भार संघावर पडे. इनिगो हटून बसले, तेव्हा पोपमहोदयांनी दिलेल्या अधिकाराची त्यांना जाणीव करून देण्यात आली. ते ऐकताच त्यांनी वाद थांबविला. आपण येथे राहावे अशी प्रभूची इच्छा नाही, असा त्यांनी त्यातून अर्थ घेतला.

एखादी गोष्ट आपल्याला तळमळीने हवी आहे, ती पवित्र आहे, तिच्यासाठी आपण सर्वस्व सोडले आहे, म्हणून ती देवाला हवीच आहे असे होत नाही. आतली प्रेरणा आणि बाहेरची परिस्थिती, हृदयाची हाक आणि ख्रिस्तसभेचा आवाज, या दोहोंची सांगड बसली पाहिजे. परतीच्या वाटेवर त्यांनी स्वतःला विचारलेला प्रश्न फारच साधा होता : आता पुढे काय करावे? उत्तर मिळाले ते असे, की लोकांची सेवा करायची तर आधी शिकले पाहिजे.

मुलांच्या बाकावर

वयाच्या तेहतिसाव्या वर्षी बार्सिलोनाच्या शाळेत लहान मुलांच्या बरोबरीने ते लॅटिन व्याकरण शिकू लागले. तेथेही मनरेसासारखाच अनुभव आला. धातू आणि विभक्ती पाठ करायला बसले, की मनात भक्तीचे झरे वाहू लागत आणि अभ्यास तसाच राही. मिस्साबलिदानातसुद्धा असे विचार येत नाहीत, ते नेमके व्याकरणाच्या वेळीच का येतात? हा मोह आहे हे त्यांनी ताडले. शिक्षकांना एका चर्चमध्ये नेऊन त्यांनी सारे सांगितले आणि बार्सिलोनात भाकरी व पाणी मिळत आहे तोवर दोन वर्षे एकही तास चुकविणार नाही, असे वचन दिले. त्यानंतर तो मोह पुन्हा आला नाही. विद्यार्थ्यासाठी अभ्यास, गृहिणीसाठी संसार, कामगारासाठी त्याचे काम ही त्या वेळेपुरती देवाची इच्छा असते. तिला टाळून केलेली भक्ती देवाला पोहोचतेच असे नाही.

पुढे आल्काला येथे ४२ दिवस व सालामांका येथे २२ दिवस त्यांना चौकशीपायी तुरुंगात काढावे लागले. त्यांच्या शिकवणुकीत दोष सापडला नाही. १५२८ साली ते पायी पॅरिसला पोहोचले. रोज भीक मागण्यात अभ्यासाचा वेळ जाई. एका मठवासीयाने सुचविले, की वर्षातून एकदा फ्लँडर्समधील स्पॅनिश व्यापाऱ्यांकडे जाऊन वर्षाची बेगमी करावी. हा सल्ला त्यांनी मानला. बिस्किटांविषयी शंका घेणारा माणूस आता नियोजन करू लागला होता, आणि त्याचा देवावरील भरवसा त्यामुळे तसूभरही कमी झाला नव्हता.

पॅरिसमध्ये पीटर फेव्हर आणि फ्रान्सिस झेवियर हे त्यांचे सहनिवासी होते. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवरील कपेलात या सात मित्रांनी व्रते घेतली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि जेरुसलेमची यात्रा! मात्र या वेळी एक अट होती. व्हेनिसला पोहोचल्यावर वर्षभरात जहाज न मिळाल्यास रोमला जाऊन पोपमहोदय जेथे पाठवतील तेथे जायचे. त्याप्रमाणे ते व्हेनिसला जमले. तेथे २४ जून १५३७ रोजी इग्नेशियस यांना गुरुदीक्षा मिळाली. युद्धाच्या ढगांमुळे त्या वर्षी जहाज सुटले नाही. मित्र रोमला गेले. १५२३ साली बंद दारावर डोके आपटणारा यात्रिक आता दुसरे दार देवासाठी उघडे ठेवायला शिकला होता.

एकत्र बसून घेतलेला निर्णय

१५३९ साली या मित्रांपुढे कठीण प्रश्न आला. पोप तिसरे पॉल त्यांना निरनिराळ्या ठिकाणी पाठवू लागले होते. आपण विखुरले जावे, की एका संघात बांधले जावे? एकाच्या आज्ञेत राहावे काय? सुमारे तीन महिने ही चर्चा चालली. दिवसा ते आपले सेवाकार्य करीत आणि रात्री एकत्र बसत. पद्धत अशी, की प्रत्येकाने आधी एकांतात प्रार्थना करावी. दुसऱ्याचे मन वळविण्याचा प्रयत्न करू नये. मग एके दिवशी प्रत्येकाने केवळ विरोधातील कारणे सांगावीत आणि दुसऱ्या दिवशी केवळ बाजूची. वादावादी झाली नाही. निर्णय एकमताने झाला. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोपमहोदयांनी येशूसंघाला मान्यता दिली. जमिनीची वाटणी, आईवडिलांचा सांभाळ असे प्रश्न घरात निघतात तेव्हा आपण पहिल्या वाक्यातच एकमेकांचा गळा धरतो. विरोधातील कारणे सर्वांनी मिळून आधी शांतपणे मांडावीत, ही एवढी रीत जरी आपण उचलली तरी पुष्कळ घरे तुटण्यापासून वाचतील.

एका आजारपणातून आपल्यापर्यंत

संघाला मान्यता मिळण्याआधीच पोर्तुगालच्या राजाने हिंदुस्थानसाठी धर्मप्रसारक मागितले होते. इग्नेशियस यांनी सिमाव रॉड्रिग्ज व निकोलस बोबादिया यांची निवड केली. १५४० च्या मार्चमध्ये निघण्याच्या वेळी बोबादिया आजारी पडले. राजदूताला थांबणे शक्य नव्हते. रोममध्ये चिटणिसाचे काम करणारे फ्रान्सिस झेवियर तेवढे जवळ होते. इग्नेशियस यांचे ते जिवलग मित्र. त्यांना दूर धाडणे सोपे नव्हते. तरीही त्यांना विचारले गेले, त्यांनी तत्काळ होकार दिला आणि एक-दोन दिवसांतच ते निघाले. दोघांची पुन्हा भेट झाली नाही.

६ मे १५४२ रोजी संत फ्रान्सिस झेवियर गोव्याला उतरले. वसईलाही त्यांचे पाय लागले. त्यांच्या मागोमाग आलेल्या येशूसंघीयांतील फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या मराठी भाषेत ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. आपल्या विश्वासाच्या इतिहासातील एवढे मोठे पान विचारपूर्वक केलेल्या पहिल्या योजनेतून उघडले नाही. ती योजना मोडली तेव्हा उघडले. योजना करणे हे आपले काम, ती बदलण्याचा अधिकार देवाचा, हे इग्नेशियस यांना आता पुरते ठाऊक झाले होते.

शंभर खुणा कशाला?

एप्रिल १५४१ मध्ये सोबत्यांनी त्यांची संघप्रमुख म्हणून निवड केली. त्यांनी नकार देऊन फेरविचार करायला सांगितले. पुन्हा त्यांचेच नाव आले. तेव्हा त्यांनी निर्णय आपल्या पापनिवेदकांवर सोपविला. त्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंसमोर तीन दिवस आपले सारे दोष मांडले. त्यांनी स्वीकार करण्यास सांगितल्यावर मान तुकविली.

१५४४ साली संघाची घटना लिहिताना एक प्रश्न निघाला. संघाच्या चर्चना कायमचे उत्पन्न असावे की नसावे? इग्नेशियस यांनी दोन्ही बाजूंची कारणे कागदावर लिहून काढली आणि २ फेब्रुवारी ते १२ मार्च असे चाळीस दिवस ते रोजच्या मिस्साबलिदानात पवित्र त्रैक्यापुढे हा प्रश्न ठेवीत राहिले. त्यांच्या हातची त्या दिवसांची रोजनिशी उपलब्ध आहे. उत्पन्न नको, याकडे त्यांचा कल लवकरच झाला होता. तरीही आणखी खात्री, आणखी अश्रू, आणखी सांत्वन मिळावे असे त्यांना वाटत राहिले. अखेरच्या दिवशी त्यांच्या लक्षात आले, की ही खुणांची हाव आता देवासाठी उरलेली नाही, स्वतःच्या समाधानासाठी आहे. त्यांनी तेथेच निर्णय संपविला. एवढ्या थोर गूढवादी संताला जे कळायला चाळीस दिवस लागले, ते आपण मनाशी जपून ठेवले पाहिजे. प्रकाश पुरेसा मिळाल्यावरही खुणा मागत राहणे हा अविश्वासाचाच एक प्रकार आहे.

१५५२ साली सम्राट पाचव्या चार्ल्सच्या इच्छेवरून फ्रान्सिस बोर्जिया यांना कार्डिनल करण्याचे घाटत होते. इग्नेशियस यांनी तीन दिवस प्रार्थना केली. मन कधी भीतीने मागे सरे, कधी मोकळे होई. शेवटी या नेमणुकीला विरोध करणेच आपले कर्तव्य आहे याची त्यांना खात्री पटली. परंतु बोर्जियांना पत्र लिहिताना त्यांनी हेही मान्य केले, की एकच पवित्र आत्मा मला विरोध करण्यास आणि दुसऱ्यांना त्याच्या उलट करण्यास प्रेरणा देऊ शकतो. आपल्याला देवाची इच्छा कळली म्हणून आपल्याशी असहमत असलेले सारे देवाचे शत्रू ठरत नाहीत. धर्मग्राम मंडळाच्या सभांना बसणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

त्यांनी घालून दिलेली रीत

१५४८ साली पोपमहोदयांनी मान्य केलेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथात निर्णयाची रीत सांगितली आहे. कधी देव मनाला असा स्पर्श करतो, की शंकाच उरत नाही. कधी सांत्वन आणि शुष्कता यांच्या येण्याजाण्यातून मार्ग कळतो. परंतु पुष्कळदा यांपैकी काहीच घडत नाही. मन शांत असते आणि आकाश मुके असते. अशा वेळी देवाने दिलेली बुद्धी वापरावी. प्रश्न नेमका मांडावा. तराजूच्या काट्याप्रमाणे मन मध्यावर आणावे. होकाराचे लाभ व तोटे, नकाराचे लाभ व तोटे निरनिराळे पाहावेत. अनोळखी माणसाने हाच प्रश्न विचारला असता तर त्याला आपण काय सांगितले असते, मरणाच्या घटकेला आणि न्यायाच्या दिवशी कोणता निर्णय घेतलेला आपल्याला आवडेल, याचा विचार करावा. मग निर्णय घ्यावा व तो प्रार्थनेत देवाच्या हाती ठेवावा. मन उदास व कोरडे असताना आधी विचारपूर्वक घेतलेला निर्णय बदलू नये. विवाहासारखी एकदा स्वीकारलेली बांधिलकी पुन्हा तराजूत घालू नये. ती अधिक निष्ठेने कशी जगता येईल एवढेच पाहावे. आणि रोज थोडा वेळ काढून दिवसभरातील देवाच्या खुणा व आपल्या चुका पाहाव्यात. येशूसंघातून आलेले पोप फ्रान्सिस यांनीही ऑगस्ट २०२२ पासून जानेवारी २०२३ पर्यंतच्या आपल्या बुधवारच्या शिकवणुकीत हाच विवेकाचा विषय जगभरच्या भाविकांपुढे मांडला होता.

अखेरची घटका

मे १५५५ मध्ये कार्डिनल काराफा हे पोप चौथे पॉल म्हणून निवडले गेले. त्यांचा येशूसंघावर रोष होता. बातमी ऐकताच इग्नेशियस यांचे सारे अंग थरथरले, असे जवळच्यांनी नोंदविले आहे. ते काही न बोलता प्रार्थनामंदिरात गेले आणि थोड्याच वेळात शांत चेहऱ्याने बाहेर आले. संघ मोडला गेला तरी प्रार्थनेत घालविलेली पाव तासाची वेळ मनाची शांती परत मिळवायला पुरेल, असे ते पूर्वी म्हणाले होते. तसेच घडले.

३० जुलै १५५६ रोजी त्यांनी आपले चिटणीस फादर पोलांको यांना पोपमहोदयांचा आशीर्वाद आणावयास सांगितले. पोलांको यांना स्पेनची टपाल त्याच दिवशी पाठवायची होती आणि वैद्यांना धोका दिसत नव्हता. उद्या गेलो तर चालेल काय, असे त्यांनी विचारले. इग्नेशियस यांनी आज गेलात तर बरे, असे सुचवून निर्णय त्यांच्यावरच सोपविला. दुसऱ्या दिवशी पहाटे, आशीर्वाद पोहोचण्यापूर्वी, इग्नेशियस देवाघरी गेले. आयुष्यभर ज्याने एकेक निर्णय देवापुढे पारखला, त्याने आपल्या मरणाची घटकाही अशी शांतपणे दुसऱ्याच्या हाती दिली. त्या वेळी संघात सुमारे एक हजार सभासद होते. १२ मार्च १६२२ रोजी मित्र फ्रान्सिस झेवियर यांच्यासह त्यांना संतपद जाहीर झाले.

खेचराचा लगाम सैल सोडणारा तरुण आणि आपला शेवटचा आग्रहही सैल सोडणारा वृद्ध, दोघांनीही निर्णय दुसऱ्यावर सोपविला. परंतु दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्याने विचाराचे ओझे टाळले. दुसऱ्याने विचार केला, आपली इच्छा बोलून दाखविली आणि मग ती देवाच्या स्वाधीन केली. आज आपल्यापैकी कोणी एखाद्या मोठ्या निर्णयाच्या उंबरठ्यावर उभे असेल, तर त्याने खूण शोधण्याची घाई करू नये. कागद घ्यावा, दोन्ही बाजू लिहाव्यात, घरच्यांचे व जाणत्या धर्मगुरूंचे मत घ्यावे, पवित्र मिस्सात तो प्रश्न प्रभूपुढे ठेवावा आणि पुरेसा प्रकाश मिळाला की पाऊल टाकावे. वाट चुकली तरी ती दुरुस्त करणारा देव बरोबरच चालत असतो. संत इग्नेशियस यांच्या मध्यस्थीने आपणा सर्वांस असा निर्भय विवेक लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.